नवनाथ आणि अकरा जणांची मंजुरी

रहाटणी चौकातून काळेवाडीकडे निघालं की डाव्या हाताला एक अरुंद दुकान लागतं. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'नवनाथ सॉफ्टवेअर सोल्युशन्स' असं लिहिलंय आणि त्याखाली त्याहूनही मोठ्या अक्षरांत 'झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म'. पाटी रंगवणाऱ्याची ही चूक नाही. या घरातली चूल कशावर पेटते हे त्याने ओळखलं होतं. दुकानाचा पुढचा भाग नवनाथची बायको दिव्या सांभाळते. मागे प्लायवूडचं पार्टिशन आहे. त्याच्या पलीकडे नवनाथ बसतो आणि लोकांच्या वेबसाइट बनवतो.

पार्टिशनच्या पलीकडे एक प्लास्टिकची खुर्ची माझ्यासाठी असते. शाळा सुटल्यापासून, म्हणजे माझी, शिक्षिकेची, सुटल्यापासून, मी नवनाथच्या वेबसाइटवरचं मराठी तपासून देते. त्यामुळे पुढचं बहुतेक सगळं मी त्या खुर्चीवरून पाहिलेलं आहे.

नवनाथ मूळचा औसा तालुक्यातला. बारावी झाल्यावर तळवड्याला, पत्रा कापणाऱ्या प्रेस मशिनांच्या एका शॉपमध्ये लागला. तिथे बरीच वर्षं काढूनही त्याची दहाही बोटं शाबूत आहेत, ही त्याच्या सावध स्वभावाची खूण. शिफ्ट सांभाळून तो कॉम्प्युटरच्या क्लासला जायचा. क्लासमधल्या इतरांनी प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीला लावलं आणि ते आपापल्या मशीनवर परत गेले. नवनाथ गेला नाही. अजूनही तो कंपनीतले सेफ्टी शूज घालून कॉम्प्युटरपुढे बसतो. खिशाला दोन पेनं असतात, आणि त्यांतलं एकही चालत नाही.

त्याचा मोठा दोष असा, की वडीलधाऱ्या माणसाला त्याला 'नाही' म्हणता येत नाही. हा शब्द त्याला येत नाही असं नव्हे. कॉम्प्युटरशी बोलताना तो दिवसभर "नाही, नाही, असं नाही" करत असतो. पण समोर टोपीवाला किंवा पोट सुटलेला माणूस आला की तो खुर्चीतून अर्धवट उठतो आणि म्हणतो, "होऊन जाईल." मागणी काय आहे हे तो त्यानंतर ऐकतो. दिव्याचं म्हणणं असं, की हा माणूस जगाला हो म्हणतो आणि घरी आला की उरलेलं तोंड जेवायला वापरतो.

त्याचं सगळ्यात मानाचं गिऱ्हाईक म्हणजे तळवड्याच्या बाजूचा एक लघुउद्योजक संघ. पत्र्याच्या शेडमध्ये एकदोन मशिनं टाकून मोठ्या कंपन्यांना सुटे भाग देणाऱ्या लोकांची ही संघटना. उद्धवराव तिचे स्थापनेपासूनचे अध्यक्ष. त्यांनी स्वतः मशीन कधी चालवलेलं नाही. शेतात शेड बांधून ती भाड्याने दिली, एवढाच त्यांचा उद्योगाशी संबंध. पण संघाचं कार्यालय त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर आहे, आणि अध्यक्ष बदलला तर बैठक कुठे घ्यायची, या प्रश्नाचं उत्तर आजवर कुणाला सापडलेलं नाही.

संघाची जुनी वेबसाइट नवनाथनेच बनवली होती. तयार साचा आणायचा, त्यात फोटो आणि मजकूर ओतायचा, असा तो प्रकार. कुणीतरी परदेशातून तिच्यात घुसलं आणि अध्यक्षांच्या मनोगताखाली, त्यांच्या फेट्यातल्या फोटोला चिकटून, पुरुषांची ताकद वाढवणाऱ्या गोळ्यांची जाहिरात येऊ लागली. पुष्कळ दिवस कुणी तक्रार केली नाही. बऱ्याच सभासदांना ती अध्यक्षांनीच घेतलेली जाहिरात वाटली होती.

नवनाथला फार लागलं. नेमकी त्याच सुमारास चिंचवडच्या एका कॉलेजात शनिवार-रविवारची मोफत कार्यशाळा होती, तिथे तो गेला. पायथन नावाच्या भाषेत लिहिलेली, वेबसाइटवरचा मजकूर सांभाळणारी एक नवी व्यवस्था त्याला तिथे भेटली. सोमवारी दुकानात आला तो दुसराच नवनाथ होता.

"बाई, आतापर्यंत मी केलं ते सगळं चुकीचं होतं," तो म्हणाला.

हे त्याने इतक्या आनंदाने सांगितलं की झेरॉक्सचं झाकण उघडं टाकून दिव्या आत डोकावली. "मग ज्यांना ते चुकीचं करून दिलं त्यांना फोन करून सांगणार का?"

"त्यांना नवीन देणार की."

"त्यांनी मागितलंय का?"

"मागितलं नाही म्हणूनच द्यायचं असतं," नवनाथ म्हणाला. नुकताच योगा सुरू केलेला माणूस आपल्याला श्वास कसा घ्यायचा ते शिकवतो, तसा त्याचा चेहरा झाला होता. पुढचे कितीतरी दिवस दुकानात लॅमिनेशनला आलेल्या माणसालाही पायथनबद्दल ऐकून मगच जाता येई. कंपनीत हत्यारांचा बोर्ड असतो, त्यावर प्रत्येक पान्ह्याची आकृती रंगवलेली असते, पान्हा त्याच जागी लटकवायचा. तसंच या नव्या व्यवस्थेत शीर्षक, फोटो, मशिनं, पत्ता, सगळ्यांच्या जागा ठरलेल्या. जुनी व्यवस्था म्हणजे पलंगाखालची पत्र्याची पेटी. उदाहरण चांगलं होतं. ऐकणाऱ्याला रेशन कार्ड लॅमिनेट करून हवं असायचं, एवढीच अडचण.

मग त्याने संघाच्या कार्यकारिणीपुढे हा विषय मांडला. मजकूर तपासणारी म्हणून मीही कोपऱ्यात बसले होते. पायथन म्हणजे अजगर, हा विनोद त्या बैठकीत पाच जणांनी केला, प्रत्येकाने आपणच पहिल्यांदा करतो आहोत अशा थाटात, आणि नवनाथ पाचही वेळा हसला.

उद्धवरावांनी मुद्द्याला हात घातला. "ते गोळ्यांवानी पुन्यांदा कोन काय टाकनार न्हाई ना?"

"नाही अध्यक्ष. यात कुणी काहीही लिहिलं तरी ते मसुदा म्हणून आत राहतं. मंजुरी दिल्याशिवाय लोकांना दिसतच नाही. कंपनीत कसं, टर्नरकडून जॉब निघाला की इन्स्पेक्शनला जातो, पास झाला तरच डिस्पॅच."

"मंग हितं इन्स्पेक्शन कोन करनार?"

कार्यालयातली ट्यूब बदलायला यांच्यातला एक माणूस मिळत नव्हता. आता अकराही जण खुर्चीत सरळ झाले. सचिव म्हणाले, अध्यक्ष आणि सचिव दोघे पुरे. त्यावर उपाध्यक्ष दत्तोबाशेठ म्हणाले, "मंग आमी काय नुसतं च्या प्यायला यायचं का?" दत्तोबाशेठ गॅस्केटचे कारखानदार, इंजिनाच्या आणि पंपाच्या जोडावर जी रबराची किंवा कॉर्कची पट्टी बसते, ती ते कापून देतात. त्यांचा प्रश्न रास्तच होता. कारण आजवर ते खरोखर चहालाच येत होते.

शेवटी ठरलं, की अकराही जणांनी मंजुरी द्यायची. एकामागून एक. क्रम वार्षिक मेळाव्याच्या पत्रिकेतला. त्यावर लालमहंमदभाई, जुन्या मशिनांचे व्यापारी, यांनी खुर्ची खिडकीकडे वळवली. त्या भागातल्या निम्म्या शेडमधलं पहिलं लेथ त्यांच्या हातून आलेलं आहे. "पत्रिकेत माझं नाव सातवं आलं, ती छापणाऱ्याची चूक म्हणून मी सोडून दिलं," ते बाहेर बघत म्हणाले. "आता मशीनमध्येपण सातवाच का?" ठराव लिहिला गेला: नवीन पान किंवा जुन्या पानातला कोणताही बदल अकरा पदाधिकाऱ्यांच्या क्रमवार मंजुरीशिवाय होणार नाही.

"होऊन जाईल," नवनाथ म्हणाला.

जिना उतरताना मी त्याला विचारलं, "दोन माणसं पुरली नसती का रे?"

"पुरली असती की."

"मग बोलला का नाहीस?"

"मोठी माणसं म्हणायलेत बाई, आपण कुठं मधी बोलावं." मग जरा थांबून, डोळ्यांत चमक आणून तो म्हणाला, "आणि पायथनला अकरा काय, एकशे अकरा जमतात."

म्हणजे भीड हे अर्धंच कारण होतं. उरलेलं अर्धं कारण होतं ही हौस.

नवी वेबसाइट उभी राहिली. कार्यकारिणीच्या आग्रहावरून तिच्यात सगळ्यात आधी तयार झाला तो वाढदिवसाचा चौकोन: गोल फोटो, भोवती झेंडूची महिरप, खाली शुभेच्छुकांची नावं. पायथन बनवणाऱ्यांनी याचा विचार केला नसेल; नवनाथने दोन दिवसांत करून दाखवला. महिरपीतलं प्रत्येक फूल वेगळं होतं. मी त्याला तसं म्हटलं तर लाजला.

मग सभासदांच्या शेडची पानं टाकायची वेळ आली आणि मंजुरीचा खरा कारभार दिसला. अकरांपैकी बहुतेकांना पासवर्ड आठवत नसे. त्यामुळे एखादं पान तयार झालं की नवनाथ स्कूटर काढायचा आणि शेडशेडला जायचा. पदाधिकारी चहा सांगायचे. चहा होईपर्यंत देशाची स्थिती. मग ते मोबाइल नवनाथच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "दाब तूच." नवनाथ त्यांच्या फोनवरून स्वतःच्याच कामाला मंजुरी द्यायचा आणि पुढच्या शेडकडे निघायचा. लालमहंमदभाई फोन देत, पण बोलत नसत. चहासुद्धा हाताने खूण करून मागवत. एका पानाला अकरा चहा. नवनाथला पित्त झालं. पण पदाधिकारी खूश होते. दारी आलेल्या माणसाने आपल्याला विचारूनच काम केलं, याचं त्यांना समाधान होतं, आणि काम काय होतं हे बघायची गरज त्यांना वाटत नव्हती.

फक्त एक माणूस फोन हातात देत नसे. दत्तोबाशेठ. "ठेव, मी बघतो," ते म्हणायचे. इतरांच्या पानांचं ते लगेच बघायचे. सादिकाचं पान मात्र त्यांच्याकडे जाऊन बसलं.

सादिका माझ्या शाळेत होती. वर्गात तिचा हात वर होत नसे, पण विचारलं की उत्तर तयार असे. आता तिची तळवड्याला शेड आहे. नवरा अजिम टेम्पोवर माल पोचवतो आणि ही आत प्रेस चालवते, चार बायकांना हाताशी घेऊन. तीही गॅस्केटच कापते. तिचं मुख्य गिऱ्हाईक असलेला कारखाना परराज्यात गेला, तेव्हापासून तिची प्रेस आठवड्यातले निम्मे दिवस झाकून ठेवलेली असते. दिवाळीपर्यंत नवं काम मिळालं नाही तर प्रेस विकावी लागणार, आणि त्या चार जणींना घरी पाठवावं लागणार. हे तिने मला रडून सांगितलं नाही. दिवाळीचा फराळ यंदा कोण करणार, या चौकशीत सांगितलं.

अशात चाकणच्या एका मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागाकडून संघाला निरोप आला. त्यांना जवळपासचे छोटे पुरवठादार हवे होते, त्यांत गॅस्केटवालेही. येत्या सोमवारी त्यांची माणसं संघाची वेबसाइट बघणार होती आणि कोणाच्या शेडला भेट द्यायची ते त्यावरूनच ठरवणार होती.

दत्तोबाशेठचं स्वतःचं पान एका दुपारी अकरा हातांतून पार झालं. सादिकाच्या पानावर त्यांनी आधी हरकत घेतली, फोटोत मशीन नीट दिसत नाही. तिने प्रेस पुसून पुन्हा फोटो काढले. मग पत्त्यात गट नंबर नव्हता. तो घातला. मग त्यांनी सुचवलं, की मशीनजवळ उभ्या बाईच्या डोक्याला रुमाल हवा, सेफ्टीच्या दृष्टीने. सादिकाने चौघींना रुमाल बांधून पुन्हा उभं केलं. यांतली एकही हरकत खोटी नव्हती. तसं पाहिलं तर दत्तोबाशेठइतकं बारकाईने काम करणारा पदाधिकारी संघात दुसरा नव्हता. फक्त ती बारकाई एकाच पानाला लागत होती.

सादिका उद्धवरावांकडेही जाऊन आली. ते म्हणाले, "दत्तोबा बघतोय ना? मंग झालं. त्याला त्यातलं कळतं."

शुक्रवारी दुपारी ती दुकानात आली. दिव्याने तिला आत घेतलं, मी खुर्ची देऊ लागले तर ती उभीच राहिली.

"नवनाथभाऊ, एक विचारू? हे तुमच्या हातात काहीच नाही का?"

नवनाथला खोटं बोलता येत नाही. हा त्याचा दुसरा दोष. "आहे की भाभी. मुख्य चावी माझ्याकडंच असते. मी दाबलं की कुणाच्या मंजुरीची गरज नाही."

"मग?"

"मग काही नाही," नवनाथ म्हणाला आणि कीबोर्डवरची धूळ बोटाने पुसू लागला.

सादिका रागावली नाही. "तुमचंही बरोबर आहे," ती म्हणाली. "संघाचं काम गेलं तर तुम्हाला कोण विचारणार." तिने हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. ती गेल्यावर नवनाथ पुन्हा पडद्याकडे वळला. पडद्यावर झेंडूची महिरप होती. कुणाचा तरी वाढदिवस होता.

पार्टिशनपलीकडून दिव्या म्हणाली, "ती बाई तीन वेळा फोटो काढून आली. तुम्ही दत्तोबाशेठकडे एकदा तरी जाऊन या."

"गेलो तर काय म्हणू?"

"जे इतरांना म्हणता त्याच्या उलटं."

रविवारी तो गेला. दत्तोबाशेठने पुनावळ्याला नवा बंगला बांधला आहे, तिथे. संध्याकाळी मी तपासायचा मजकूर घ्यायला दुकानात होते, दिव्या शटर ओढायच्या बेतात होती, तेव्हा तो परत आला. स्कूटर स्टँडवर न लावता भिंतीला टेकवली त्यावरूनच कळलं.

"काय झालं?" दिव्याने विचारलं.

"बसवलं. चकली दिली. बंगला दाखवला, वरच्या टाकीपर्यंत." तो पायरीवर बसला. "मग म्हणाले, नवनाथ, तू आपला माणूस हाय. सोमवार जाऊ दे. मंगळवारी मी सोता मंजूर करतो. त्या बाईचं वाईट व्हावं असं माझ्या मनात न्हाई."

"असं तोंडावर म्हणाले?" मी विचारलं.

"तोंडावरच. त्यांना त्यात काही वाटलंच नाही बाई."

"आणि तुम्ही?" दिव्या.

नवनाथने मान खाली घातली. "मी बरं म्हणून आलो."

दिव्याने शटरची आकडी हातात धरून ठेवली होती. ती चिडेल असं मला वाटलं. ती शांतपणे म्हणाली, "म्हणालात तर म्हणालात. त्यांना म्हणालात ना? कॉम्प्युटरला कुठं म्हणालात."

नवनाथने तिच्याकडे पाहिलं. माणूस इतकी वर्षं एखाद्या खोलीत राहावा आणि तिला मागूनही दार आहे हे त्याला एक दिवस कळावं, तसं काहीसं त्याच्या तोंडावर आलं. तो उठला, आत गेला. त्याने पान उघडलं, गट नंबर, फोटो, रुमाल, सगळं एकदा नजरेखालून घातलं. एका फोटोखाली मी तपासलेलं वाक्य होतं, तेही वाचलं. मग दाबलं. आयुष्यभर लोकांना हो म्हणून त्यांची कामं करणाऱ्या या माणसाने पहिल्यांदाच हो म्हणून तसं केलं नव्हतं. आपल्याकडे ही विद्या लोकांना मिसरूड फुटायच्या आधी येते. त्याला चाळिशीला आली.

सोमवारी दुपारी सादिकाला कंपनीतून फोन आला. गुरुवारी भेटायला येतो, म्हणाले. दत्तोबाशेठलाही आला. आपल्याबरोबर अजून कोण, हे बघायला त्यांनी वेबसाइट उघडली, आणि मंगळवारी कार्यकारिणीची तातडीची बैठक लागली.

अकराही जण वेळेवर आले. इतकी भरलेली बैठक मी तिथे पाहिली नव्हती. दत्तोबाशेठ उभे राहिले. "माझा त्या बाईला इरोध न्हाई," त्यांनी सांगितलं. "पर मंजुरीबिगर पान लागलं म्हंजे उद्या अध्यक्षांच्या फोटूखाली पुन्यांदा गोळ्या यायच्या. प्रश्न तत्त्वाचा हाय. आत्ताच्या आत्ता ते पान काढा."

गोळ्यांचं नाव निघताच उद्धवराव अस्वस्थ झाले. "काढ रं नवनाथ."

नवनाथ अर्धवट उठला, नेहमीसारखा. "होऊन जाईल अध्यक्ष." मी डोळे मिटले. "फक्त पान काढणं हाही बदलच आहे," तो पुढे म्हणाला. "ठरावात कोणताही बदल असं लिहिलंय. मी एकदा नियम मोडला, ती माझी चूक. आता दुसऱ्यांदा कसा मोडू? अकरा जणांनी मंजुरी द्यावी, लगेच काढतो."

"घ्या मंजुरी. हितंच घ्या, सगळे हायत," दत्तोबाशेठ म्हणाले.

मोबाइल निघाले. कार्यालयात एकमेकांना पासवर्ड विचारण्याचा गलका झाला. नवनाथ एकेकाजवळ जाऊन वाकत होता. अध्यक्ष झाले, दत्तोबाशेठ झाले, त्यांनी तर स्वतःच्या हाताने दाबलं. सहावे झाले. लालमहंमदभाई खिडकीतून बाहेर बघत बसले होते.

"भाई, फोन," नवनाथ म्हणाला.

"माझा नंबर कितवा?"

"सातवा."

"मग थांबा." ते खूप दिवसांनी बैठकीत बोलत होते आणि त्यांनी सावकाश बोलायचं ठरवलेलं दिसत होतं. "आधी माझं नाव चौथं करा. मग देतो."

"अहो भाई, त्या पानाचं आधी बघा," सचिव म्हणाले.

"पान कुणाचं आहे, काय आहे, मला काही माहीत नाही. मी मशीन विकली तेव्हा ह्यातले चार जण शेडमध्ये झाडू मारत होते."

ते चार जण म्हणजे आपणच, हे त्या चौघांनी ओळखलं. मग चौथे सदस्य म्हणाले की चौथा मी आहे आणि मी का खाली यावं. पाचव्याने स्थापनेच्या वर्षीची वर्गणी काढली. कुणीतरी जुनी पत्रिका शोधायला कपाट उघडलं. नाव चौथं करणं हाही बदल होता आणि त्यालाही अकरा मंजुऱ्या लागणार होत्या, हे नवनाथने एकदा नम्रपणे सांगितलं आणि तो खाली बसला. तासाभराने भेळ आली. तोवर सादिकाच्या पानाचं नावही कुणी काढत नव्हतं. फक्त दत्तोबाशेठ भेळेचा कागद हातात धरून एकेकाच्या तोंडाकडे बघत होते.

लालमहंमदभाईंनी सादिकासाठी हे केलं, असं नंतर लोक म्हणाले. तसं नव्हतं. सादिका कोण हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्यांच्या हातून भलं झालं, पण त्यांना हवं होतं फक्त चौथं नाव.

गुरुवारी कंपनीची दोन माणसं आली. सादिकाच्या शेडमध्ये ती बराच वेळ होती. त्यांनी प्रेस चालवायला लावली, कापलेल्या पट्ट्या मोजमापाला लावून पाहिल्या, आणि नमुन्याचं काम दोघांनाही दिलं, दत्तोबाशेठला आणि तिला. दत्तोबाशेठच्या शेडमध्ये तेव्हा पाच प्रेस चालू होत्या. तिच्या एका प्रेसमुळे त्यांचं काय जाणार होतं, हे मला अजून उमगलेलं नाही. त्यांनाही उमगलं असेल असं वाटत नाही. दसऱ्याच्या सुमारास सादिकाचा नमुना पास झाला आणि नियमित काम सुरू झालं. आता तिची प्रेस आठवडाभर चालते आणि ती मला फोनवर सांगते, "बाई, बोलायला वेळ नाही, आवाजावरूनच समजून घ्या."

संघाने नवनाथला काढलं. आमच्याकडे माणसाला सरळ काढत नाहीत. आधी त्याचा सत्कार करतात. चिंचवडच्या एका मंगल कार्यालयात वार्षिक मेळावा झाला, त्यात त्याला शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह दिलं. उद्धवरावांनी त्याच्या निःस्वार्थ सेवेचा गौरव केला आणि त्याच दमात जाहीर केलं, की यापुढे वेबसाइटची जबाबदारी दत्तोबाशेठच्या जावयाची फर्म पाहील. शाल दत्तोबाशेठच्या हस्ते होती. फोटोसाठी ती दोनदा घालावी लागली.

फोटो झाल्यावर दत्तोबाशेठने नवनाथच्या खांद्यावर हात ठेवला. माइक चालूच होता. "जाता जाता एवढा सत्काराचा फोटू तेवढा वेबसाइटवर टाकून दे. जावयाला आजून त्या पायथनचं काय कळंना."

नवनाथ उभाच होता, त्यामुळे अर्धवट उठायची सोय नव्हती. त्याने नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"नाही," तो म्हणाला.

दत्तोबाशेठला ते ऐकू गेलं नसावं. "काय?"

"नाही जमणार शेठ. ते काम आता माझ्याकडं नाही."

त्याने हे अगदी हळू म्हटलं, पण माइकने ते मागच्या रांगेपर्यंत नेलं. पहिल्या रांगेत बसलेली दिव्या पर्समध्ये काहीतरी शोधू लागली आणि बराच वेळ शोधत राहिली. तो खाली उतरला, आमच्याजवळ येऊन बसला आणि शालीच्या टोकाने कपाळ पुसलं. जेवायला बसल्यावर त्याने मला विचारलं, "बाई, फार उद्धट वाटलं का?" मी म्हटलं, नाही. हे मात्र मी खरं सांगितलं.

दत्तोबाशेठच्या जावयाला वेबसाइटचे पासवर्ड दुसऱ्याच दिवशी मिळाले, मुख्य चावीसकट; ती वापरायची कशी, ते मात्र त्याला उमगलेलं नाही. त्यामुळे त्याने टाकलेला सत्काराचा फोटो अजून मसुद्यातच आहे, सातव्या क्रमांकापाशी अडकलेला. तेव्हा संघाच्या वेबसाइटवर आज कुणीही गेलं तर वर सगळ्यात नवीन म्हणून दिसतं ते सादिकाचंच पान: पुसलेली प्रेस, गट नंबर, आणि रुमाल बांधलेल्या चार बायका, कॅमेऱ्याकडे न बघता कामाकडे बघणाऱ्या.